लेकराला घेऊन पहिल्यांदा पार्कात जाताना

(पवनार येथे झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच मैत्रिणींनी मागून घेतलं, म्हणून जसं बोलल्या तसंच, थोडं नीट करून छापत आहोत.)



मला आज घरखर्चाच्या नियोजनावर बोलायला सांगितलं आहे. बियाणं, दवाखाना, शाळा, लग्न यावर आपण दर मेळाव्यात बोलतो. आज मी अशा खर्चावर बोलणार आहे, ज्याचा रकाना आपल्या कुणाच्याच वहीत नाही. लहान लेकराला घेऊन एक दिवस मौज करायला जायचा खर्च. झुले, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या असतात ना, ते पार्क. हसू नका, पूर्ण ऐका.

मागच्या वर्षी आमच्या गटात एका वहिनीनं पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर गप्प. मग हळूच म्हणाली, "घरखर्च लिहा." पण शेजारच्या बाईला खरी गोष्ट माहीत होती. वहिनीची चार वर्षांची पोरगी मोबाईलवर पाण्याच्या घसरगुंड्या पाहून पाहून रोज एकच धोशा लावून बसली होती, की मला तिथं ने. नवरा म्हणे मोठी झाली की नेऊ. सासू म्हणे, "कायले जा लागते? तिले काय समजते?" म्हणून वहिनीनं ठरवलं, गटातून पैसे काढायचे अन् कुणाला न सांगता जायचं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, असल्या गोष्टीला गटाचा पैसा नाही. दुसरा म्हणे, तिची बचत आहे, ती ठरवेल. मी वही उघडून म्हटलं, कारण खोटं लिहायचं नाही, एवढं आधी ठरवा. नवरा दुचाकीचे हप्ते भरतो, ते आपण उघड बोलतो. लग्नात बँड लावतो, तेही उघड. मग एका आईला लेकरासोबत एक दिवस हसायचं आहे, तर तो "घरखर्च" या नावाखाली का लपवायचा? आम्ही वहीत 'सहल' असं लिहिलं. कर्ज मात्र दिलं नाही, अन् ते का दिलं नाही हे तिच्यासमोर मांडलं.

हिशेब असा होता. आमच्या गटात महिन्याला शेकडा 2 रुपये व्याज. 5,000 घेतले, महिन्याला 500 मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज 100, दुसऱ्याचं 90, तिसऱ्याचं 80, असं दहा महिन्यांत 550 रुपये व्याज जातं. अन् सहल कधीची होऊन गेलेली! लेकराचा आनंद एका दिवसाचा अन् हप्ता दहा महिने. उलट आठवड्याला 100 रुपये बाजूला टाकले तर 50 आठवड्यांत तेच 5,000 जमतात अन् व्याज कुणालाच द्यावं लागत नाही. दवाखाना थांबत नाही, पेरणी थांबत नाही, त्यासाठी कर्ज आहे. सहल थांबते. जी गोष्ट थांबू शकते तिच्यासाठी आधी जमवायचं अन् मग जायचं.

आम्ही पाच जणींनी मग वेगळी 'सहल पेटी' सुरू केली. गटाच्या बचतीत ते पैसे मिसळले नाहीत, वेगळी वही ठेवली. ज्यांना घरात पैसे टिकत नाहीत असं वाटतं, त्यांनी बँकेत 12 महिन्यांचं आवर्ती ठेव खातं काढावं. पोस्टाचं आवर्ती खातं महिन्याला 100 रुपयांपासून निघतं, चांगलंच आहे, पण ते पाच वर्षांचं असतं. तोवर तुमचं पोट्टं पाळण्यात बसायच्या वयाचं राहणार नाही.

आता किती जमवायचे? त्यासाठी कुठं जायचं ते आधी ठरवलं पाहिजे.

पोरांनी मोबाईलवर जे पाहिलेलं असतं ते बहुतेक लांबचं असतं. खोपोलीजवळ इमॅजिका आहे, 2013 मध्ये सुरू झालं. वर्ध्याहून रात्रीची मुंबईची गाडी पकडायची, कल्याणला उतरायचं, तिथून लोकलनं खोपोली. हैदराबादला रामोजी फिल्म सिटी आहे, 1996 पासूनची. 2016 पासून तिथं वंडरला पण आहे. सेवाग्रामहून बल्लारशामार्गे रातभराचा प्रवास. अशा मोठ्या पार्कात मोठ्या माणसाचं तिकीट हजाराच्या वर जातं. त्यात रेल्वे, एक रात्र राहणं, तीन वेळचं खाणं. काही बाया अजून मुंबईच्या एस्सेल वर्ल्डचं नाव घेतात. गोराईचं ते पार्क 1989 मध्ये सुरू झालं होतं, आता ते बंद आहे. जुने व्हिडिओ फिरत राहतात, म्हणून सांगते.

माझं स्पष्ट मत आहे की चार-पाच वर्षांच्या लेकरासाठी पहिली सहल जवळची करावी, एका दिवसाची, रात्री घरी परत येता येईल अशी. नागपूरच्या पुढं अमरावती रोडवर बाजारगावला फन अँड फूड व्हिलेज आहे. तिथं झुले आहेत अन् पाणीही आहे. आपल्याला हे जमण्यासारखं. रातभर रेल्वेत जागलेलं लेकरू सकाळी दहा वाजता पार्कात किरकिर करतं, मग आई रागावते, अन् दोन हजारांचं तिकीट रडण्यात जातं.

शेगावचं विचारणाऱ्या खूप जणी आहेत. आपल्या विदर्भातल्या कितीतरी लेकरांनी पहिली मौज शेगावच्या आनंद सागरातच पाहिली. महाराजांचं दर्शन होतं, म्हणून सासूबाईही नाही म्हणत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा! पण आनंद सागर मधली काही वर्षं बंद होतं, नंतर त्यातला काही भाग उघडला. म्हणून जायच्या आधी काय चालू आहे ते विचारून घ्या. दर्शन तर होईलच, पण लेकराला गाडी दाखवीन म्हणून नेलं अन् गाडी नसली, तर त्याची समजूत कशी घालाल?

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. पार्कात लेकराचं वय कमी विचारतात, उंची जास्त पाहतात. तिकीटसुद्धा बऱ्याच ठिकाणी उंचीवर असतं. साधारण पावणेतीन ते सव्वातीन फुटांच्या खालचं लेकरू फुकट, त्याच्या वर अर्धं किंवा कमी दराचं तिकीट, अन् साडेचार फुटांच्या पुढं पूर्ण. प्रत्येक पार्कचा नियम वेगळा, तो फोन करून विचारायचा. आत गेल्यावर प्रत्येक झुल्याजवळ उंचीची पट्टी लावलेली असते. त्या रेघेच्या खाली डोकं राहिलं की बसू देत नाहीत.

आता बघा, निरोगी लेकरू तीन वर्षांचं झालं की साधारण 95 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे 3 फूट 1 इंच. चार वर्षांचं 103, पाच वर्षांचं 110, म्हणजे 3 फूट 7 इंच. अन् मोठ्या झुल्यांना बहुतेक ठिकाणी 120 ते 140 सेंटिमीटर लागतात. 120 होते सातव्या वर्षाच्या आसपास, 140 दहाव्याच्या. म्हणजे जाहिरातीत जे उलटंपालटं होणारं दिसतं, त्यातलं एकही तुमच्या चार वर्षांच्या पोरीला मिळणार नाही. तिच्या वाट्याला येतात फिरणारे घोडे, छोटी आगगाडी, बुटकी घसरगुंडी, गुडघाभर पाण्याचं कुंड. लेकराला तेवढं भरपूर आहे, पण हे घरून माहीत असावं.

उंची कुठं मोजायची? या आपल्या अंगणवाडीच्या बाई समोर बसल्या आहेत. त्या दर महिन्याला लेकरांचं वजन-उंची घेतात, पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. त्यांनाच विचारा. चप्पल काढून, पाठ टेकवून मोजलेली उंची घ्या. आमच्या सोबतच्या एका बाईनं फोनवर विचारलं होतं, तिकडून सांगितलं, "हो हो, सगळे झुले चालतात." तिथं गेल्यावर तिच्या पोराला पाचपैकी तीन झुल्यांवरून परत पाठवलं. पार्कचं नाव घेत नाही. पण त्या दिवसापासून आम्ही फोनवर 'झुले चालतात का' असं विचारत नाही. आम्ही विचारतो, "लेकरू 104 सेंटिमीटरचं आहे, त्याला कोणकोणत्या झुल्यात बसता येईल, नावं सांगा." मग तो माणूस नीट सांगतो.

त्याच फोनमध्ये बाकीचंही विचारून घ्यायचं. तिकिटात जीएसटी धरला आहे का? सुटीच्या दिवशी दर वेगळा आहे का? दहा-पंधरा जणी आल्या तर सूट आहे का? कोणता झुला दुरुस्तीला बंद आहे का? नुसती सोबत येणारी आजी, जी कशातच बसणार नाही, तिला तिकीट लागतं का? बाहेरचा डबा चालतो का? एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन परत जाता येतं का? हा शेवटचा प्रश्न लहान लेकरासाठी फार कामाचा आहे. बहुतेक ठिकाणी डबा आत नेऊ देत नाहीत, फक्त लहान लेकराचं खाणं अन् पाणी चालतं. आम्ही फाटकाबाहेर झाडाखाली बसून तिखट पुऱ्या अन् भाजी पोटभर खाल्ली, मगच आत गेलो. आतमध्ये दुपारी पोरांपुरतं काही घेतलं.

कपड्यांचं तर नक्की विचारा. पाण्यात बहुतेक ठिकाणी साडी, सलवार, सुती कपडा चालत नाही. नायलॉनचा ड्रेस लागतो, तो तिथं भाड्यानं मिळतो, वर अनामत ठेवावी लागते. मला माहीत आहे, हे ऐकून आपल्यातल्या निम्म्या बाया म्हणतील, बाई मी बाहेरच बसते. पण तुम्ही बाहेर बसलात तर पाण्यात लेकराजवळ कोण राहील? ज्यांना लाज वाटते त्यांनी पूर्ण बाह्यांचा अन् पूर्ण पायाचा नायलॉनचा ड्रेस मिळतो का ते आधी विचारावं, बऱ्याच ठिकाणी असतो. तारीख ठरवताना पाळीचीही तारीख पाहा. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. अन् पोटुशी बाई असेल, बीपी असेल, तिनं झुल्यात बसूच नये.

पदर, ओढणी, मोकळे केस यांचं हसण्यावारी नेऊ नका. 2018 मध्ये हरियाणात पिंजोरला एका पार्कात छोट्या गाडीच्या चाकात केस अडकून एका बाईचा जीव गेला, सोबत तिचं कुटुंब होतं. म्हणून केसांचा घट्ट अंबाडा घालायचा, ओढणी पिशवीत ठेवायची, अन् मंगळसूत्र-जोडवी घरीच काढून ठेवायची. सासूबाई काही म्हणाल्या तर ही पिंजोरची गोष्ट सांगा.

भीती घालायची नाही, पण डोळे उघडे ठेवून जायचं. 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळचा झुला तुटला, दोघं गेले, पंचवीसच्या वर जखमी झाले. 2024 च्या मे महिन्यात राजकोटला गेम झोनला आग लागली, पंचवीसच्या वर माणसं गेली, त्यात लेकरंही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. शहरात मॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये असे खेळ असतात. तिथं शिरताना आधी बाहेर पडायचं दार कुठं आहे ते पाहा. एकच दार असेल, अन् तेही अरुंद, तर पोरगं कितीही रडो, परत फिरा. झुल्यातही बघायचं की कंबरेचा पट्टा खरोखर लागतो का, चालवणारा माणूस प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहतो का. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला असेल तर लेकराला उतरवा. जत्रेतल्या पाळण्याला तर उंचीची पट्टीही नसते, तिथं आपले डोळे हीच पट्टी.

पाण्याचं आपल्याला सांगायला नको, धाम नदीच्या काठचे आहोत आपण. पावसाळ्यात छत्रीजवळ पाणी कसं चढतं ते आपल्या पोरांनाही माहीत आहे. पण पार्कातलं पाणी निळं, स्वच्छ अन् गुडघाभर दिसतं, म्हणून आई निर्धास्त होते. लहान लेकरू फूटभर पाण्यातही बुडतं, अन् आवाज न करता बुडतं. हवेचं टायर म्हणजे जीव वाचवायचं साधन नाही, ते खेळणं आहे. नियम एकच ठेवा, की आपला हात लांब केला तर लेकराला लागला पाहिजे. त्यापेक्षा दूर जाऊ द्यायचं नाही. अन् फोटो काढणारी बाई त्या वेळी लेकराची राखणदार नसते. दोघी असाल तर एकीनं फोटो काढावा, एकीनं पाहावं, अन् हे बोलून ठरवावं. नाहीतर दोघींनाही वाटतं, ती पाहून राह्यली असेल.

लेकरू हरवलं तर? सकाळी निघतानाच त्या दिवशीच्या कपड्यात त्याचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. मनगटावर आतल्या बाजूला पेनानं आपला नंबर लिहा, पाण्यात पुसतो म्हणून कागदावर लिहून खिशातही ठेवा. आत गेल्या गेल्या ठळक दिसणारी एक जागा दाखवा, मोठा हत्ती असेल, कमान असेल, अन् सांगा की हरवलीस तर इथं येऊन उभी राहा. अन् हेही सांगा की गणवेश घातलेल्या काकांना किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईला जाऊन सांग. लेकराची मदतवाहिनी 1098 आहे, अन् पोलिसांसाठी 112. हे दोन नंबर पाठच करा.

कधी जायचं? मे महिन्यात नाही. लोक नेमके तेव्हाच जातात, कारण शाळेला सुट्टी. पण आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, पत्र्यावर हात ठेववत नाही. गर्दी एवढी की एका झुल्यासाठी अर्धा तास उन्हात रांग. चार वर्षांच्या लेकराला अजून शाळा नाही, तर तिचा फायदा घ्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीत कुणाला वेळ नसतो. पण हरभरा निघाला की मार्चमध्ये थोडी उसंत मिळते. तेव्हाचा सोमवार किंवा मंगळवार धरा. थंडी गेलेली असते, ऊन अजून भाजत नाही, अन् मोठी पोरं परीक्षेत असतात.

प्रवासाचा हिशेब आपल्या बाजूचा आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, अन् पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट. पाच ते बारा वर्षांचं अर्धं तिकीट. सासरे 75 च्या पुढचे असतील तर तेही फुकट, सोबत घ्या, पिशव्या सांभाळतील! पवनारहून सेलू, केळझर, बुटीबोरी करत नागपूर, अन् नागपूरहून अमरावती रोडची गाडी. शहराच्या बसमध्ये मात्र ही अर्ध्या तिकिटाची सवलत नाही. गाडी बदलायची म्हणून काही गट क्रूझर ठरवतात. दहा-बाराजणींत परवडतं, पण मग दहाच्या गाडीत अठरा कोंबायचे नाहीत. अन् ड्रायव्हरला रात्रीचं जागरण आहे का, तेही विचारा.

आता आकडा. समजा आईचं तिकीट 800, लेकराचं 600. एसटीला जाऊन-येऊन 250, खाण्याला 400, ड्रेसचं भाडं अन् सामानाच्या कपाटाचं 200, अन् फुगा-बिगा, अडीअडचण 300. झाले 2,550. ही समजुतीची रक्कम आहे, खरे दर फोनवर कळतील. पण आठवड्याला 50 रुपये टाकले तर वर्षाला 2,600 होतात. म्हणजे जमतं. हे पैसे लाडकी बहीणच्या रकमेतून टाका, शेळीच्या दुधातून टाका, शिलाईतून टाका, पण वहीत नाव 'सहल' असंच लिहा.

लेकराची तयारीही करावी लागते. आधी गर्दीची सवय आहे का ते बघा. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा केवढा भरतो! तिथं दोन तास नेऊन पाहा. ढोल वाजला की लेकरू कानावर हात ठेवून पदरात शिरतं का? शिरत असेल तर अजून एक वर्ष थांबा, त्यात काही बिघडत नाही. घोराडच्या यात्रेत घोड्यांच्या पाळण्यावर बसवून पाहा. तिथं दहा-वीस रुपयांत कळतं, पार्कात कळायला हजार लागतात.

पार्क साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतं. उघडताच आत जा, पहिले दोन तास लेकरू ताजं असतं. आधी कोरडे झुले घ्या अन् पाणी नंतर. एकदा पाण्यात शिरलं की बाहेर निघत नाही, अन् निघालं की थंडी, भूक अन् झोप तिन्ही एकदम येतात. कोरडे कपडे दोन जोड घ्या, टॉवेल, जीवनरक्षक मिठाची पुडी, पाण्याची बाटली. जेवणानंतर सावलीत अर्धा तास झोपू द्या. बाया म्हणतात, एवढे पैसे देऊन झोपायला आलो का? झोपू द्या. झोपलं तर चारपर्यंत हसेल, नाहीतर दोनपासून रडेल.

अन् घाबरलं तर बळजबरी नको. माझी पोरगी घोड्यांच्या पाळण्यावर सलग पाच वेळा बसली. समोर एवढी मोठी आगगाडी होती, तिच्याकडं पाहिनाच. सोबतच्या एका दादानं म्हटलं, "पैसे वाया चालले." मी म्हटलं, दादा, तिचे घोडे आहेत, तिला बसू द्या. सगळं वसूल करायच्या नादात मोठी माणसं लेकराला एका झुल्यावरून दुसऱ्यावर ओढत नेतात.

त्या दिवशी आमच्यासोबत एक मावशी होती, नातवाला घेऊन आलेली. साठीच्या घरातली. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केलेली. नातू बुटक्या घसरगुंडीवर एकटा जायला घाबरला, म्हणून मावशी त्याच्यासोबत वर चढली अन् त्याला मांडीवर घेऊन खाली आली. नातू उठून पळाला. मावशी तिथंच पाण्यात बसून राहिली, अन् मग म्हणाली, "मी अजून एकदा जातो." दुसऱ्यांदा ती एकटी गेली.

आपल्या पवनारला बाहेरून बसा भरून लोक येतात. विनोबाजींचा आश्रम पाहतात, नदीवर फोटो काढतात, आपण त्यांना पेरू विकतो, चहा देतो. सहल म्हणजे काय असते हे आपल्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही. फक्त आपण कधी त्या बसमध्ये बसत नाही.

ज्या वहिनीचं मी सुरुवातीला बोलले, तिच्या पेटीत आता अडतीस आठवडे झाले आहेत. सासूला तिनं स्वतःच सांगितलं, आता सासू विचारते, किती जमले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी जायचं आमच्या पाच जणींचं ठरत आहे. आणखी दहा जणी आल्या तर गटाची सूट मागता येईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीत सीआरपी ताईंकडे नाव द्या. प्रत्येक लेकरामागं एक मोठी बाई पाहिजे, दोन लेकरांमागं एक बाई चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. अन् नावासोबत लेकराची उंची लिहून आणा, चप्पल काढून मोजलेली.